ट्रकला फॉग लाईट लावताय? मग दिव्याआधी वायर, रिले आणि फ्यूज समजून घ्या!

जुलैचा महिना. संध्याकाळी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतून माल भरलेला ट्रक मुंबईकडे निघतो. विल्होळी मागे पडतं, घोटी येतं, आणि इगतपुरीच्या आसपास ढगच रस्त्यावर उतरलेला असतो. कसारा घाटात शिरताना नीट दिसावं म्हणून ड्रायव्हर अप्पर मारतो, तर समोरचा रस्ता दिसायच्या ऐवजी पांढरी भिंतच उभी राहते!

या मार्गावर गाडी चालवणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. पेठ रोडवरचा सावळ घाट आणि कोटंबी घाट किंवा त्र्यंबक-जव्हारचा रस्ता, पावसाळ्यात सगळीकडे हीच गत. त्यामुळे ट्रक, टेम्पो आणि पिकअपला बाहेरून फॉग लाईट लावून घेण्याची पद्धत सर्रास आहे. दिव्यांची जोडी आणायची, बंपरला बोल्ट मारायचे, दोन वायरी ओढायच्या आणि काम झालं, असं अनेकांना वाटतं.

पण खरी गडबड होते ती या 'दोन वायरी ओढण्यात'. दिवा चांगला असूनही प्रकाश मिणमिणता पडतो, स्विच वितळतो, हेडलाईटचा फ्यूज भर घाटात उडतो, आणि नशीब फारच वाईट असेल तर वायर पेट घेते. म्हणूनच फॉग लाईट लावण्याच्या कामात दिवा निवडणं हा छोटा भाग आहे आणि वायरिंग हा मोठा.

धुक्यात हेडलाईट का फसतो?

धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. अप्परचा झोत सरळ आणि वरच्या बाजूला जातो, या थेंबांवर आदळतो आणि चारी दिशांना विखुरतो. त्यातला बराचसा उलट ड्रायव्हरच्या डोळ्यात येतो. झोत जितका जोरदार, तितकी समोरची भिंत जास्त पांढरी.

फॉग लाईट यावर वेगळ्या पद्धतीने मात करतो. त्याचा झोत रुंद आणि बसका असतो आणि वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ असते. दिवा खाली बंपरजवळ बसवलेला असल्यामुळे प्रकाश जमिनीलगत पसरतो. ड्रायव्हरच्या नजरेच्या रेषेतलं धुकं उजळत नाही, पण रस्त्याची कड, पांढरा पट्टा आणि कठडा दिसतो. फॉग लाईट लांबचं दाखवत नाही, जवळचं नीट दाखवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी ती पुन्हा कामाला येणार आहे.

पिवळा चांगला की पांढरा?

पिवळा प्रकाश धुकं 'फाडतो' असं गॅरेजवर हमखास ऐकायला मिळतं. प्रत्यक्षात धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते सगळ्या रंगांना जवळपास सारखंच विखुरतात. धुकं निळं किंवा तांबडं न दिसता पांढरं दिसतं ते याचमुळे. काही ड्रायव्हरना पिवळ्या प्रकाशात डोळ्यांवर कमी ताण येतो असं वाटतं, आणि तेवढ्यासाठी पिवळा घ्यायला हरकत नाही. नियमात पांढरा आणि पिवळा दोन्ही चालतात. निळसर, हिरवे किंवा जांभळे मात्र नाहीत.

रंगापेक्षा महत्त्वाचा आहे झोताचा आकार. म्हणून दिवा घेताना काचेवरची खूण बघा. गोलातलं किंवा चौकोनातलं इंग्रजी 'ई' अक्षर म्हणजे आंतरराष्ट्रीय मान्यता, आणि सोबत 'बी' किंवा 'एफ ३' असेल तर तो खरोखरच पुढचा फॉग लाईट आहे. खूण नसलेले चौकोनी एलईडी बार बहुतेक वेळा शेतात किंवा कामाच्या जागी वापरायचे दिवे असतात. त्यांच्या झोताला वरची कड नसते, त्यामुळे ते धुक्यात अप्परइतकेच निकामी ठरतात आणि समोरच्याला आंधळं करतात ते वेगळंच.

सगळ्यात आधी : गाडी १२ व्होल्टची की २४ व्होल्टची?

'छोटा हत्ती' किंवा बोलेरो पिकअपसारख्या लहान गाड्यांची यंत्रणा १२ व्होल्टची असते. मोठ्या ट्रकमध्ये मात्र १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट तयार केलेले असतात. दिवा, बल्ब आणि रिले हे तिन्ही त्याच व्होल्टचे हवेत. १२ व्होल्टचा बल्ब २४ वर लावला तर क्षणात जातो. १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल २४ वर तापून जळते, आणि २४ व्होल्टचा रिले १२ वर धड ओढतच नाही.

इथे एक जुगाड फार चालतो. मोठ्या ट्रकला स्वस्तातले १२ व्होल्टचे दिवे लावायचे आणि दोनपैकी एकाच बॅटरीवरून सप्लाय घ्यायचा. दिवे लागतात, पण अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांना मिळून चार्ज करत असतो. एक बॅटरी रोज जास्त उतरते आणि पुरती भरतच नाही, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते. काही महिन्यांत दोन्ही बॅटऱ्या बाद होऊ शकतात. दिव्यांवर वाचवलेले पैसे बॅटरीवर दुप्पट जातात. २४ व्होल्टच्या गाडीला २४ व्होल्टचेच दिवे घ्यावेत, किंवा २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवावा.

स्विचवरून थेट का जोडू नये?

थोडं गणित करू. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात.

- पिकअप : ५५ वॅटचे दोन हॅलोजन, म्हणजे ११० वॅट. ११० भागिले १२ = साधारण ९.२ अँपिअर.
- मोठा ट्रक : ७० वॅटचे दोन हॅलोजन, म्हणजे १४० वॅट. १४० भागिले २४ = साधारण ५.८ अँपिअर.

डॅशबोर्डवरच्या साध्या स्विचमधून तासन्‌तास ९ अँपिअर धावले की स्विचचे पॉइंट तापतात, काळे पडतात आणि शेवटी प्लास्टिक वितळतं. त्याहून वाईट सवय म्हणजे हेडलाईटच्या वायरीला काप देऊन तिथूनच फॉग लाईट जोडणं. कंपनीने ती वायर आणि तो फ्यूज फक्त हेडलाईटच्या हिशेबाने बसवलेला असतो. वर आणखी ९ अँपिअर टाकले की फ्यूज उडतो आणि हेडलाईटही जातो. मग कोणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळतो. तिथून पुढे गाडी वायर जळण्याची वाट बघत रस्त्यावर धावत असते.

रिले : छोट्या करंटने मोठा करंट चालवणारी डबी

यावरचा उपाय म्हणजे रिले. आत एक छोटी कॉइल असते. तिला अगदी थोडा करंट मिळाला की ती लोहचुंबक बनते आणि जाड पॉइंट ओढून जोडते. त्यामुळे केबिनमधल्या स्विचमधून फक्त कॉइलपुरता, म्हणजे एक अँपिअरपेक्षा बराच कमी, करंट जातो. दिव्यांचा मोठा करंट बॅटरीवरून रिलेमार्गे सरळ दिव्यांकडे जातो.

रिलेच्या बुडाला आकडे छापलेले असतात. त्यांचा अर्थ असा :

- ३० : बॅटरीच्या प्लसकडून, फ्यूजमधून आलेली जाड वायर.
- ८७ : दिव्यांकडे जाणारी जाड वायर.
- ८६ : केबिनमधल्या स्विचकडून येणारी बारीक वायर.
- ८५ : अर्थ, म्हणजे गाडीच्या चासीला.

पाच पिनांच्या रिलेत '८७ए' नावाचं आणखी एक टोक असतं. स्विच बंद असताना ते जोडलेलं असतं. चुकून दिवे तिथे जोडले तर स्विच बंद केल्यावर दिवे लागतात आणि चालू केल्यावर विझतात!

फ्यूज कुठे आणि किती अँपिअरचा?

फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी असतो असा समज आहे. खरं तर तो वायरला वाचवतो. वायर कुठे घासून चासीला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर करंट सोडू शकते. फ्यूज दिव्याजवळ असेल तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघडी राहते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आतच हवा.

आकार ठरवताना दोन्हीकडे बघायचं. दिव्यांच्या करंटपेक्षा थोडा जास्त, पण वायर सहन करेल त्यापेक्षा कमी. वरच्या उदाहरणात पिकअपला १५ अँपिअरचा (पात्यांच्या फ्यूजमध्ये निळा) आणि मोठ्या ट्रकला १० अँपिअरचा (लाल) फ्यूज योग्य. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा टाकू नका. वायर कुठेतरी घासली आहे हे तो सांगतोय.

वायर जाड का हवी?

बारीक वायर स्वस्त असते, पण तिचा रोध जास्त असतो. पिकअपच्या त्याच ९.२ अँपिअरसाठी ५ मीटर लांब वायर धरली, तर ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये एक व्होल्टहून थोडं जास्त वाटेतच खर्च होतं. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये हेच नुकसान जेमतेम एक तृतीयांश व्होल्ट असतं.

एक व्होल्टने काय बिघडतं? बरंच. हॅलोजन बल्बला व्होल्टेज थोडं कमी मिळालं की प्रकाश त्याहून कितीतरी जास्त पटीने घटतो. एक व्होल्ट गेला तर साधारण पाव प्रकाश गायब! 'दिवे भारीतले घेतले पण उजेडच पडत नाही' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा वायरच्या जाडीत किंवा सैल अर्थमध्ये सापडतं.

प्रत्यक्ष जोडणी : क्रमाने

१. इंजिन बंद करून बॅटरीची मायनस वायर आधी काढा. ती सगळ्यात शेवटी परत लावायची.

२. दिवे बंपरवर दोन्ही बाजूंना समान उंचीवर बसवा. डिपरच्या दिव्यापेक्षा ते वर येता कामा नयेत. बोल्टला स्प्रिंग वॉशर लावा, कारण खडखडाटात सैल झालेला दिवा आपोआप वर-खाली बघू लागतो.

३. रिले पाणी उडणार नाही अशा जागी, पिना खाली करून लावा, म्हणजे आत पाणी साचत नाही.

४. बॅटरी प्लस, मग फ्यूज, मग रिलेचा ३० नंबर, अशी जाड वायर टाका. ८७ वरून दोन्ही दिव्यांना वेगवेगळी फांदी द्या.

५. स्विचचा सप्लाय पार्किंग लाईटच्या वायरवरून घ्या. त्यामुळे पार्किंग लाईट चालू असेल तेव्हाच फॉग लाईट लागतील, मागचे लाल दिवेही चालू राहतील आणि गाडी उभी करून ड्रायव्हर जेवायला गेला तरी फॉग लाईट विसरून बॅटरी उतरणार नाही.

६. जोड पिळून टेप गुंडाळू नका. पावसाळ्यात टेप सुटते आणि आत हिरवा गंज चढतो. थिंबल दाबून बसवा आणि वरून गरम केल्यावर आकसणारी स्लीव्ह चढवा.

७. वायर कोरुगेटेड पाइपमधून न्या. सायलेन्सर, टर्बो आणि फिरणाऱ्या भागांपासून दूर ठेवा. डिझेलच्या किंवा एअर ब्रेकच्या नळीला ती कधीही बांधू नका. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवंच.

८. मोठ्या ट्रकची केबिन पुढे कलते. केबिन आणि चासी यांच्यामधल्या जागी वायरला ढील ठेवा आणि केबिन एकदा पूर्ण कलवून बघा. नाहीतर पहिल्याच सर्व्हिसिंगला वायर तुटेल.

अर्थ : सगळ्यात दुर्लक्षित वायर

करंट दिव्यापर्यंत गेला तरी त्याला बॅटरीकडे परत यायला वाट लागते. ती वाट म्हणजे अर्थ. रंगावर किंवा गंजावर बोल्ट आवळला तर ही वाट अरुंद होते. चासीचा रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करा, दाते असलेला वॉशर घाला, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. फायबरच्या बंपरला अर्थ मिळत नाही, तिथे वायर थेट चासीपर्यंत न्यावी लागते.

काम नीट झालं का हे दोन मिनिटांत तपासता येतं. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं दिव्याच्या प्लसला लावा. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर वायर उत्तम. तसंच दिव्याचा मायनस आणि बॅटरीचा मायनस यांच्यात बघा. तिथे आकडा मोठा आला तर चोर अर्थमध्ये आहे. दिवे अर्धा तास चालू ठेवून फ्यूज, रिले आणि जोडांना हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको.

झोत कुठे पडला पाहिजे?

सपाट जागेवर, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने रेघ मारा. झोताची वरची कड या रेघेच्या १० ते २० सेंटिमीटर खाली पडायला हवी. ट्रक नेहमी जसा भरलेला असतो तसाच भरून हे करा, कारण मागे माल आला की पुढचं तोंड उचललं जातं आणि रिकाम्या गाडीत बरोबर असलेला झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. एकेकाळी हेडलाईटच्या काचेवर वरच्या बाजूला काळा रंग लावायची पद्धत होती, तीही समोरच्याच्या डोळ्यांसाठीच.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार पुढे स्पॉटलाईट किंवा सर्चलाईट लावायला आरटीओची पूर्वपरवानगी लागते, तीही अपवादात्मक परिस्थितीतच.

पुढचे फॉग लाईट ही भारतीय मानकांत मान्य असलेली, पण सक्ती नसलेली गोष्ट आहे. म्हणून सगळ्यात सुरक्षित वाट ही : त्याच मॉडेलसाठी कंपनी फॉग लाईटचा संच देत असेल तर तोच घ्यावा. अनेक गाड्यांत त्यासाठी वायर आणि रिलेची जागा आधीच दिलेली असते. बाहेरचं काम करायचं असेल तर आधी आरटीओत विचारून घ्यावं आणि बिल जपून ठेवावं. कंपनीच्या वायरिंगला काप दिला तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते, आणि आग लागल्यास विम्याच्या दाव्यात पहिला प्रश्न याच कापाबद्दल विचारला जातो.

नेहमीच्या तक्रारी आणि त्यांची कारणं

- एकच दिवा मंद : त्या दिव्याचा अर्थ खराब.
- दोन्ही दिवे मंद : वायर बारीक, किंवा मुख्य जोड सैल.
- रिले टकटक वाजतो, पण दिवे लागत नाहीत : ३० नंबरला सप्लाय नाही. फ्यूज बघा.
- रिले वाजतच नाही : स्विचचा सप्लाय किंवा ८५ चा अर्थ तुटलेला.
- पावसातच फ्यूज उडतो : कुठेतरी उघडा जोड किंवा घासलेली वायर.
- हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब टाकल्यावर झोत विस्कटला : आरसा हॅलोजनच्या तारेच्या जागेनुसार घडवलेला असतो. मूळ बल्बच परत टाका.

दिवे लागले, पण वेग?

सातपूर हे गाड्यांशी नातं असलेलं ठिकाण. महिंद्राच्या गाड्या, बॉशचे डिझेल इंजेक्टर आणि सीएटचे टायर इथल्या कारखान्यांत बनतात. त्यामुळे इथे चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन शोधायला फार लांब जावं लागत नाही. त्याला काम देताना तीनच प्रश्न विचारा : रिले लावणार का? फ्यूज बॅटरीजवळ असणार का? कंपनीच्या वायरीला काप देणार का? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर 'हो' आणि तिसऱ्याचं 'नाही' आलं पाहिजे.

आणि काम उत्तम झालं तरी एक गोष्ट विसरू नका. हवामान खात्याच्या भाषेत ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर ते 'अति दाट धुकं'. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर ब्रेक लागायच्या आधीच संपले. म्हणजे दिसणारा अर्धा रस्ता गेला, आणि मालाने भरलेला ट्रक थांबायला अजून सुरुवातही झालेली नाही.

फॉग लाईट जवळचं नीट दाखवतो, लांबचं नाही. म्हणून धुक्यात डिपर आणि फॉग लाईट चालू ठेवा, दिसेल तेवढ्यातच थांबता येईल इतका वेग ठेवा, आणि चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावू नका, कारण मग वळण्याची खूण मागच्याला कळत नाही. धुकं संपलं की फॉग लाईट बंद करा. समोरून येणाऱ्यालाही त्याच घाटातून सुखरूप घरी जायचं असतं.